‘जोडी’ आणली तरी पिल्लं का होत नाहीत? माशांत नर-मादी ओळखताना कुठे चुकतं

पावसाची सर थांबली तसा वरच्या वाडीतला आठवीतला मुलगा पाण्याची पिशवी घेऊन आमच्या पडवीत आला. पिशवीत चार काळे मोली. “काकी, ह्येंच्यात मादी खयची?” चार महिन्यांपूर्वी त्याने बाजारातून दोन ‘जोड्या’ आणल्या होत्या. मोठे दोन म्हणजे माद्या आणि लहान दोन म्हणजे नर, असं त्याला दुकानात सांगितलं होतं. चार महिने झाले, टाकीत एक पिल्लू नाही. घरात कोणी म्हणे पाणी मानवत नाही, कोणी म्हणे खाणं कमी पडतं. मी पिशवी उजेडाकडे धरली. चारही नर होते.

आमच्याकडे परसात चिऱ्याच्या, आतून सिमेंट लावलेल्या सहा टाक्या आहेत. गप्पी, मोली, एंजल आणि थोडे गोल्डफिश वाढवून मी कुडाळ-मालवणकडच्या दुकानांना देते. या कामात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: जोडी आणली, पिल्लं का नाहीत? पाणी, खाणं, आजार हे सगळं नंतर बघायचं. आधी हे बघायचं की टाकीत खरोखर नर आणि मादी दोन्ही आहेत का. निम्म्याहून अधिक वेळा अडचण तिथेच सापडते.

मुलाला मी विचारलं, “आजी बाजारात कुर्ली घेताना काय करता?”

“उलटी करता.”

“कित्याक?”

“पोटाची झडप बघूक. निमुळती ती नर, रुंद ती मादी.”

किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात हे माहीत असतं. कुर्लीच्या पाठीचा रंग बघून कोणी नर-मादी ठरवत नाही. मासा टाकीत आला की मात्र आपण तेच विसरतो आणि रंग, आकार, शेपटी बघत बसतो. पिल्लं देणाऱ्या माशांत, म्हणजे गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेलमध्ये, खूण पोटाखालीच असते.

पोटाखालचा तो एक पर

माशाच्या पोटाखाली, गुदद्वाराच्या लगेच मागे, शेपटी सुरू होण्याआधी एक पर असतो. दुकानदार त्याला अॅनल फिन म्हणतात. मादीचा हा पर पंख्यासारखा असतो, पोटाकडे अरुंद आणि खाली पसरलेला. नराचा पर वयात येताना गोळा होऊन काडीसारखा बारीक होतो आणि मागच्या दिशेने पोटालगत टेकलेला राहतो. त्याला गोनोपोडियम म्हणतात. याच काडीने नर आपलं बीज मादीच्या पोटात सोडतो. म्हणून या माशांच्या माद्या अंडी न घालता थेट पोहणारी पिल्लं देतात.

टाकीत मासा सतत फिरत असतो, तेव्हा हा पर नीट दिसत नाही. गोल बरणीत मासा वाकडातिकडा दिसतो, म्हणून बरणी नको. मिठाईचा सपाट बाजूंचा पारदर्शक डबा घ्या. त्यात त्याच टाकीचं पाणी भरा आणि मासा सोडून वर ताटली ठेवा, कारण मोली उडी मारतात. पाच मिनिटं हात लावू नका. मागे पांढरा कागद उभा करा आणि फोन डब्याच्या पातळीला धरून एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. फोटो काढू नका. फोटोत पर नेमका मिटलेला सापडतो आणि आपण फसतो. व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला की मासा वळताना मादीचा पंखा उघडलेला एकदा तरी दिसतोच. नराची काडी उघडत नाही. ती फार तर बाजूला किंवा पुढे वळते. माझी भाची एवढं बघून आता माझ्यापेक्षा भरभर वेगळे करते.

काळ्या मोलीत घोटाळा जास्त होतो, त्याचं कारण साधं आहे. गप्पीच्या किंवा फिकट प्लॅटीच्या मादीला गुदद्वाराजवळ गडद डाग असतो, पिल्लं वाढतात तसा तो मोठा होतो, आणि बरेचजण तेवढ्यावरच नर-मादी ठरवतात. काळ्या मोलीत डाग काळ्यावर काळा. दिसणार कसा? मग लोक आकाराकडे वळतात. भरपूर खाल्लेला मोठा नर मादीसारखाच गोल दिसतो, आणि त्या मुलाचं तसंच झालं होतं.

इथे आपल्या भागातली एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण या चुकीत मी स्वतः दोन पावसाळे घालवले. जांभ्याच्या कातळातल्या विहिरीचं पाणी पावसात फार मऊ आणि थोडं आम्लधर्मी होतं. मोलीला क्षार असलेलं, कठीण पाणी लागतं. मऊ पाण्यात ती पर मिटून घेते आणि एका जागी डुलत राहते. पर मिटला की मादीचा पंखासुद्धा काडीसारखा दिसतो! मी अशा कितीतरी माद्या नर समजून वेगळ्या काढल्या होत्या. म्हणून मासा डुलतोय, पर मिटलेत असं दिसलं तर त्या दिवशी नर-मादी ठरवू नका. तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या उकळा, वाळवा, जाड कुटा आणि जाळीच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरच्या प्रवाहात ठेवा. आम्लधर्मी पाण्यात त्या हळूहळू विरघळून पाणी कठीण करतात. आठवडाभराने मासे पर उघडून फिरायला लागले की पुन्हा बघा. अगदी समुद्राकाठच्या, मचूळ विहिरीचं पाणी असेल तर ही अडचण बहुधा येत नाही, मोलीला ते आवडतं.

नर नाही, तरी पिल्लं

याच्या अगदी उलट तक्रार गप्पीची. एकच मादी आहे, नर मरून दोन महिने झाले, तरी पिल्लं कशी? की जी मादी वाटत होती तीच नर आहे?

मादी मादीच आहे. गप्पीची मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि त्यावर पुढे कित्येक महिने, साधारण दर चार आठवड्यांनी, पिल्लं देत राहते. मोली आणि प्लॅटीतही असंच होतं. दुकानात नर-माद्या एकाच टाकीत असतात, त्यामुळे तिथून आणलेली मोठी मादी जवळपास नेहमी आधीच भरलेली असते. तिला घरच्या सुंदर निळ्या नराबरोबर सोडलं तरी पहिली पिल्लं दुकानातल्याच कुठल्यातरी नराची निघतात. रंग टिकवायचा असेल तर पिल्लं लहान असतानाच वेगळी करायला हवीत. साधारण तीन-चार आठवड्यांची झाली की मादी पिल्लांना गुदद्वाराजवळ डाग दिसायला लागतो. तेवढ्या वेळात त्यांना बाजूला काढायचं. नर पिल्लांचे रंग भरेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खायला विहिरींत, हौदांत गप्पी मासे सोडतो, ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. त्यातले नर इवलेसे आणि रंगाचे ठिपके असलेले, माद्या राखाडी आणि दुप्पट मोठ्या. मुलं ओंजळीत पकडून आणतात तेव्हा मोठ्याच आणतात, म्हणजे सगळ्या माद्या. तरी महिन्याभरात पिल्लं होतात, ती याच साठवणीमुळे. मात्र त्या राखाडी माद्या इतर माशांच्या शेपट्या कुरतडत असतील तर त्या गप्पी नसून गंबुशिया असण्याची शक्यता आहे. तोही डासांसाठीच सोडतात आणि त्याची मादी गप्पीच्या मादीसारखी दिसते. तो शोभेच्या टाकीत ठेवू नका.

स्वोर्डटेलबद्दल लोक ठामपणे सांगतात की आमच्या मादीचा नर झाला. बहुतेक वेळा ती मादी कधी नव्हतीच. स्वोर्डटेलमध्ये काही नर लवकर वयात येतात आणि लहानच राहतात. काही फार उशिरा वयात येतात, तोवर खूप वाढतात आणि शेपटीच्या तलवारीशिवाय अगदी मादीसारखे दिसतात. म्हणून तलवार नाही म्हणजे मादी, हा हिशोब धरू नका. तलवार येण्याआधी पोटाखालचा पर काडी व्हायला लागतो. तिकडे लक्ष ठेवा. म्हातारी मादी क्वचित नरासारखी दिसायला लागते हे खरं आहे, पण तिच्याकडून पिल्लांची आशा धरू नये.

फायटर: एकत्र सोडून बघू नका

फायटरच्या बाबतीत चूक माशाच्या जिवावर बेतते. लांब झुलत्या परांचा तो नर आणि आखूड परांची ती मादी, असं समजून दोघांना एका बरणीत सोडतात आणि सकाळी एकाच्या अंगाची लक्तरं झालेली असतात. आखूड परांचे नरही असतात. त्यांना प्लाकाट म्हणतात आणि आता ते आपल्याकडच्या दुकानांतही सर्रास येतात. दोन नर एकत्र आले की थांबत नाहीत. शहानिशा न करता ‘सोडून बघूया’ म्हणू नका, कळकळीने सांगते.

आधी आरसा दाखवा, दोन-तीन मिनिटंच. मासा फुगतो, कल्ल्यांची झाकणं उघडतात. नर असेल तर त्याखालून काळसर पडदा दाढीसारखा बाहेर येतो. मादीही फुगते, पण तिची दाढी अगदी थोडी असते. मग पोट बघा. छातीखालचे दोन लांब पर आणि मागचा मोठा पर यांच्या मध्ये मादीला खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका असतो. अंडी तिथूनच बाहेर येतात. कोवळ्या नरांतही कधी असा ठिपका दिसतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. फिकट रंगाचा मासा असेल तर अंधारात मागून बॅटरीचा उजेड द्या. पोटाच्या पिशवीच्या मागे पिवळसर, शेपटीकडे निमुळता होत जाणारा त्रिकोण दिसला तर तो अंडाशय, मासा मादी. गडद निळ्या-काळ्या माशात हे दिसत नाही. फेसाचं घरटं हा पुरावा धरू नका, क्वचित मादीही तसं करते.

एंजल: माझी सहा महिन्यांची चूक

आता सगळ्यात अवघड मासा. एंजलच्या नर-मादीत अंडी घालायच्या दिवसांखेरीज बाहेरून भरवशाचा फरक दिसत नाही. मोठ्या नराचं कपाळ थोडं पुढे येतं म्हणतात, तेही सगळ्यांचं नाही.

पहिली जोडी मी ‘पिल्लं दिलेली जोडी’ म्हणून जास्त पैसे देऊन घेतली होती. महिन्याभरात दोघांनी टाकीतला प्लॅस्टिकचा पाइप तोंडाने साफ करायला सुरुवात केली, आणि एका संध्याकाळी त्यावर अंडी दिसली. ओळीने चिकटलेली, साबुदाण्याहून बारीक. दोघंही आळीपाळीने परांनी वारा घालत होते, दुसरा मासा जवळ आला की धावून जात होते. मला वाटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली, तिसऱ्या दिवशी त्यांवर कापूस आला. पुढल्या खेपेलाही तेच झालं, त्याच्या पुढल्या खेपेलाही. मी पाणी बदललं, बुरशीवरचं औषध मिथिलीन ब्लू घातलं, हीटर आणला, अंडी वेगळ्या टाकीत नेली. पाच खेपा वाया गेल्या.

सहाव्या खेपेला मी ठरवून समोर स्टूल टाकून बसले. दिवा बंद, फक्त बाजूला बॅटरी. एक मासा पाइपला पोट घासत वर सरकला आणि मागे अंड्यांची ओळ सोडली. आता दुसरा त्याच ओळीवरून जाईल आणि आपलं बीज सोडेल, तेव्हा काहीच दिसणार नाही, असं मला माहीत होतं. दुसरा सरकला, आणि त्याच्याही मागे अंडी! मी बॅटरी जवळ नेली. दोघांच्या पोटाखाली जी लहानशी नळी बाहेर आली होती ती दोघांचीही जाड आणि बोथट, पेन्सिलीच्या मागच्या टोकासारखी. दोन्ही माद्या होत्या. दोन माद्या एंजल जोडीसारख्या एकत्र राहतात, जागा साफ करतात, अंडी घालतात, राखतातही. फक्त अंडी फळत नाहीत.

त्या दिवसापासून ही नळी मी आधी बघते. अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी ती दिसायला लागते आणि नंतर आत जाते. मादीची जाड, बोथट. नराची बारीक, टोकदार, किंचित पुढे झुकलेली. डिस्कस आणि ऑस्करलाही हीच खूण. आपल्या खाडीतल्या कालुंदराचंही असंच, तोही याच कुळातला मासा आहे आणि त्याचे नर-मादी दोघं मिळून अंडी राखतात. बांगड्याची गाभोळी कशी कापल्यावरच कळते, तशी एंजलची मादी अंडी घालतानाच कळते.

अंडी पांढरी पडण्याचं कारण प्रत्येक वेळी हेच असतं असं नाही. म्हणून फरक बघा. सगळीच्या सगळी अंडी दर खेपेला पहिल्या-दुसऱ्या दिवसात खडूसारखी पांढरी होत असतील तर दोन माद्या, किंवा नर निकामी, हा संशय आधी घ्या. काही अंडी पांढरी आणि काही मधाच्या रंगाची पारदर्शक राहत असतील तर नर आहे. तो कोवळा असेल किंवा पाण्यात दोष असेल, दोन-चार खेपा थांबा. फळलेल्या अंड्यात दुसऱ्या दिवशी काळसर ठिपका दिसतो आणि पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश असेल तर साधारण अडीच दिवसांत शेपट्या वळवळायला लागतात.

विकत घेताना यावर उपाय एकच: दोन मासे घेऊ नका, सहा लहान घ्या. हिशोब करून बघा. प्रत्येक पिल्लू नर किंवा मादी असण्याची शक्यता अर्धी-अर्धी धरली, तर दोन मासे घेतल्यावर दोन्ही एकाच लिंगाचे निघण्याची शक्यता २ पैकी १. चार घेतले तर ८ पैकी १. सहा घेतले तर फक्त ३२ पैकी १. सहा एकत्र वाढवायचे, आठ-दहा महिने थांबायचं. त्यातले दोन आपणहून कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हाकलतात. त्या दोघांना वेगळी टाकी द्यायची आणि पहिल्या अंड्यांच्या वेळी नळी तपासायची. दोन माद्यांवर सहा महिने घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आता माझ्याकडे आहे ती जोडी अशाच सहांतून निघाली.

याच तक्रारीचा एक भाऊ म्हणजे पॅरट फिश. लाल, चोचीसारख्या तोंडाचे. अंडी घालतात, राखतात, आणि अंडी पांढरी होतात. तिथे नर-मादी शोधून काही होणार नाही. पॅरट हा संकरित मासा आहे आणि त्याचे नर बहुतेक वांझ असतात. त्यात तुमची चूक नाही.

गोल्डफिशचे पांढरे ठिपके

एकदा तालुक्याहून एका बाईंचा फोन आला. गोल्डफिशला पांढरे ठिपके आलेत, खडे मीठ टाकलं, दुकानातलं निळं औषध टाकलं, तरी जात नाहीत. मी विचारलं, ठिपके कुठे आहेत? फक्त गालांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेला. बाकी अंग स्वच्छ, मासा खातोय, एका गुबगुबीत माशाच्या मागे सारखा लागलाय.

तो आजारी नव्हता, तो नर होता. गोल्डफिशच्या आणि कोईच्या नराला अंडी घालायच्या हंगामात कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या जाड काट्यावर बारीक, टणक, पांढरे दाणे येतात. थंडी सरून पाणी उबदार व्हायला लागलं की ते हमखास दिसतात आणि हंगामानंतर आपोआप जातात. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार असेल तर ठिपके अंगभर, शेपटीवरसुद्धा येतात, रोज वाढतात, आणि मासा दगडाला अंग घासतो. एवढा फरक न बघता कितीजण निरोगी नराला औषधाच्या पाण्यात ठेवतात! त्यात मासा खरंच आजारी पडतो.

मादी ओळखायला गोल्डफिश पांढऱ्या घमेल्यात सोडून वरून बघा. अंडी भरलेल्या मादीचं पोट एका बाजूला जास्त फुगलेलं असतं, नर दोन्ही बाजूंनी सारखा आणि बारीक. पण पोट फुगलंय आणि वरून बघताना खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे राहिलेत, तर ती अंडी नव्हेत, तो जलोदर आहे. त्या माशाला लगेच वेगळं करा. वर्षाच्या आतल्या गोल्डफिशमध्ये मात्र हे काहीच नीट दिसत नाही. मुलांसाठी दोन लहान गोल्डफिश आणलेत आणि त्यांची नावं ठेवायची आहेत, तर खुशाल ठेवा, बदलायची वेळ आली तर आली.

बाकीचे, थोडक्यात

गुरामीचा पाठीवरचा पर बघा. नराचा लांब आणि टोकदार, शेपटीच्या मुळापर्यंत पोचणारा. मादीचा आखूड आणि गोल. पर फाटलेला असेल तर तो भरून येईपर्यंत थांबा. ड्वार्फ गुरामीत नर लाल-निळ्या पट्ट्यांचा आणि मादी चांदीसारखी फिकी. झेब्रा डॅनिओत मादीचं पोट गोल, आणि नराच्या निळ्या पट्ट्यांमधली जागा सोनेरी दिसते. टायगर बार्बचा नर सडपातळ आणि नाक लालबुंद. कोरीडोरस वरून बघायचा, रुंद ती मादी.

क्रिबेन्सिस पाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. पोट जांभळट-गुलाबी आणि अंगाने गोल ती मादी, हे ओळखणं सोपं. पण या माशात पिल्लं नर होणार की मादी, यावर पाण्याचाही परिणाम होतो. आम्लधर्मी पाण्यात नरांचं प्रमाण वाढतं. जांभ्याच्या विहिरीचं पाणी तसंच वापरून सगळे नरच झाले तर ओळखण्यात चूक झाली असं समजू नका. आधी पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी आहे ते, मोजा.

रत्नागिरीला पेठकिल्ल्याजवळचं सागरी मत्स्यालय बघून आलेली मुलं निमोबद्दल, म्हणजे क्लाउनफिशबद्दल विचारतात. तिथे नर-मादी असं आधी ठरलेलंच नसतं. सगळी पिल्लं आधी नर होण्याच्या वाटेवर असतात. गटातला सर्वात मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा तिचा नर. मादी मेली तर तो नर मादी होतो आणि खालचा एक वर सरकतो. म्हणून दोन क्लाउनफिश ठेवायचे तर एक लहान आणि एक थोडं मोठं अशी पिल्लंच घ्यावीत, जोडी आपोआप जमते. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या आणल्या तर मात्र दोघींचं पटणार नाही, कारण मादीचा पुन्हा नर होत नाही. रायगडकडे ज्याचं एवढं कौतुक ते जिताडंही असंच, आधी नर असतं आणि मोठं झाल्यावर मादी होतं. हेकरूचं बरोबर उलट, आधी मादी आणि मग नर.

दुकानात उभं राहून

‘एक जोडी द्या’ म्हणू नका. ‘एक नर आणि तीन माद्या’ असं स्पष्ट सांगा आणि पिशवी उजेडाकडे धरून प्रत्येकाचा पोटाखालचा पर स्वतः बघा. नर जास्त झाले तर ते मादीला दिवसभर दमवतात, तिला खायलाही मिळत नाही. फार भडक गप्पी किंवा गुरामी दिसले आणि सगळेच भडक असले तर जरा थांबा. काही ठिकाणी रंग चढवायला माशांना संप्रेरकं देतात, त्यामुळे मादीलाही नराचे रंग येतात आणि घरी आणल्यावर काही आठवड्यांत उतरतात. अशा माशात रंगाला काही अर्थ राहत नाही.

त्या मुलाच्या चार नरांपैकी तीन मी ठेवून घेतले आणि बदल्यात त्याला पर नीट उघडलेल्या तीन माद्या दिल्या. शिंपल्यांची पुरचुंडीही बांधून दिली. पिल्लं लपायला टाकीत भरपूर शेवाळ ठेव, नाहीतर मोठेच ती खातील आणि तू पुन्हा म्हणशील पिल्लं होत नाहीत, हेही सांगितलं.

आणि काही मासे असे आहेत की त्यांच्याबद्दल हा प्रश्न विचारूच नये. सिल्व्हर शार्क, ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगस आणि काच चाटणारा साधा प्लेको. घरच्या टाकीत हे पिल्लं देत नाहीत आणि बाहेरून त्यांचा नर-मादी फरकही धडपणे कळत नाही. कोणी यांची ‘जोडी’ म्हणून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.